बेगडी चिलखताची कुळकथा

मराठीत ‘बेगडी’ हा शब्द निंदेचा आहे. बेगडी प्रेम, बेगडी देशभक्ती, बेगडी श्रीमंती, असे लोक सहज बोलून जातात, आणि जे वरून चकाकते पण आतून पोकळ असते, त्याच्यावर हा शिक्का मारून मोकळे होतात. मुळात बेगड म्हणजे कथलाचा अतिशय पातळ, चकचकीत पत्रा. तो लाकडावर, कागदावर किंवा भेंडावर चिकटविला म्हणजे सोन्यारुप्याचा भास होतो. भास होतो म्हणून तो खोटा, आणि खोटा म्हणून निंद्य, असा हा हिशेब आहे. परंतु ज्या रंगभूमीवर या पत्र्याने शेकडो वर्षे राजे आणि वीर उभे केले, तिचा इतिहास पाहिला म्हणजे हा हिशेब कोठेतरी चुकला असावा, असे वाटू लागते.

हा इतिहास पाहावयास उत्तर कन्नड जिल्ह्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. या जिल्ह्यातील जोयडा तालुका हा काळी नदीच्या खोऱ्यातील दाट अरण्याचा प्रदेश. त्याच्या एका अंगाला गोमंतक, दुसऱ्या अंगाला बेळगावकडील खानापूर आणि तिसऱ्या अंगाला कारवार. पूर्वी त्याला सुपे तालुका म्हणत. काळीवर धरण झाले आणि १९८० नंतरच्या दशकात जुने सुपे पाण्याखाली गेले. तेथील कित्येक कुटुंबे रामनगरास येऊन राहिली. राज्याची भाषा कानडी, घराघरांत कोंकणी आणि मराठी, आणि रानात कुणबी, सिद्दी व गवळी यांच्या वाड्या, असा हा त्रिवेणी मुलूख आहे. येथून घाट उतरून दक्षिणेकडे गेले की किनाऱ्यावर यक्षगान भेटते. पश्चिमेकडे गेले की गोव्याचा शिगमा भेटतो. तेथून उत्तरेस वळले की दशावतार भेटतो. या तिन्ही खेळांत वीरपुरुष चिलखत घालून येतो, आणि तिन्हींत ते चिलखत लोखंडाचे नसते.

रंगभूमीचे चिलखत समजण्यासाठी आधी रणभूमीचे चिलखत पाहिले पाहिजे. चिलखत म्हटले की डोळ्यांपुढे पोलाद उभे राहते. पण जगाच्या इतिहासात कापसाने पोलादाइतकीच चाकरी बजावली आहे. इसवी सनापूर्वी ४८० साली इराणच्या झर्क्सिस राजाने ग्रीसवर स्वारी केली, तेव्हा त्याच्या सैन्यातील हिंदी तुकडीच्या अंगावर सुती वस्त्रे होती, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस नमूद करतो. मध्ययुगीन युरोपातील योद्धे लोखंडी कड्यांच्या चिलखताखाली एक गादीदार अंगरखा घालीत. त्याचे ‘ॲकेटन’ हे नाव कापसाच्या ‘अल्-कुत्न’ या अरबी नावावरून आले आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक मेक्सिकोत उतरले, तेव्हा तेथील योद्ध्यांची जाड शिवलेली कापसाची चिलखते पाहून कित्येक स्पॅनिश शिपायांनी आपले पोलाद बाजूला ठेवले आणि ती कापडी चिलखतेच अंगावर चढविली. उष्ण हवेत ती सोसवत, आणि बाण अडविण्यास पुरेशी पडत. आपल्याकडेही टिपू सुलतानाच्या काळातील कापूस भरून शिवलेली चिलखते व शिरस्त्राणे इंग्लंडमधील संग्रहांत आजही जपून ठेवलेली आहेत. मोगल आणि दख्खनी सरदारांत ‘चिलता’ नावाचा एक प्रकार होता. जाड कापडी अंगरख्यावर असंख्य लहान खिळे बसवून तो तयार करीत. म्हणून त्याला हजार खिळ्यांचा अंगरखा म्हणत. याशिवाय ‘चारआईना’ होता. छाती, पाठ आणि दोन्ही कुशी यांवर बांधावयाचे चार चकचकीत पोलादी पत्रे. त्यांना ‘चार आरसे’ असे नाव. म्हणजे लखलखाट ही केवळ नाटकवाल्यांची हौस नव्हे. खऱ्या योद्ध्यालाही शत्रूचे डोळे दिपवावयाचे असत.

तथापि खऱ्या आणि खेळातल्या चिलखतांत एक मूलभूत फरक आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज अफझलखानाला भेटावयास गेले, तेव्हा त्यांनी चिलखत अंगरख्याच्या आत घातले होते, आणि डोक्यावरचे लोखंडी संरक्षण पागोट्याखाली झाकले होते. त्या दिवशीचे चिलखत दिसावयाचे नव्हते. ते असावयाचे होते. नाटकातल्या चिलखताचे नेमके उलट आहे. ते असण्याची गरज नाही. ते दिसले पाहिजे. रात्रीच्या अंधारात, मशालीच्या हलत्या उजेडात, मांडवाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या म्हातारीलाही हा वीर आहे हे क्षणात कळले पाहिजे. एकदा ही गरज ध्यानात आली की बेगड का लागते, आरशाचे तुकडे का लागतात, खांद्यावरील अलंकार प्रत्यक्ष खांद्याहून रुंद का करावे लागतात, या साऱ्यांचा उलगडा होतो. ही फसवणूक नसून प्रकाशाची योजना आहे.

दुसरी गरज वजनाची. दक्षिण कोकणात दशावतारी नटाविषयी एक म्हण आहे: रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर यांच्यासारख्या मंडळ्या जत्रांच्या दिवसांत गावोगाव फिरत. रात्री जो नट राजा होई, तोच सकाळी आपल्या मुकुटाचा आणि वस्त्राभरणांचा पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावची वाट चालू लागे. म्हणीत त्या नटाच्या दारिद्र्याची थट्टा आहे असे वरवर वाटते. पण तीत कारागिरीचा एक नियमही सांगितला आहे. ज्याला आपला मुकुट रात्रभर घालावयाचा आणि दिवसभर वाहावयाचा आहे, तो मुकुट जड करील कसा? लोखंडी कड्यांचे एक चिलखत सहज दहा किलोंच्या घरात जाते. तेवढे ओझे दशावतारी पेटाऱ्याला परवडणारे नव्हते. हलकेपणा हा त्या वेषाचा उणेपणा नव्हता. तो त्याचा मुख्य गुण होता.

यक्षगानात हा नियम अधिकच कडक आहे. उत्तर कन्नडच्या किनाऱ्यावर जे यक्षगान चालते, त्यातील वीराच्या अंगावर किती वस्तू असतात ते पाहावे. डोक्यावर किरीट किंवा मुंडासे, कानांवर कर्णपत्रे, खांद्यांवर भुजकीर्ती, छातीवर एदेकट्टू म्हणजे उरोबंध, कमरेला डाबू नावाचा रुंद पट्टा. हे अलंकार हलक्या लाकडात कोरलेले असतात. त्यांवर सोनेरी बेगड चढविलेली असते, आणि मधूनमधून आरशांचे तुकडे व रंगीत मणी बसविलेले असतात. तरुण वीरांचे मुंडासे तर प्रत्येक खेळाच्या वेळी नव्याने बांधले जाते. कापडाचे पीळ, दोरी आणि जरीच्या पट्ट्या यांनी डोक्यावरच त्याचा डौलदार आकार घडवितात. त्याचे नाव ‘केदगे मुंडले’. केदगे म्हणजे आपला केवडा. एवढा सरंजाम अंगावर घेऊन नट रात्रभर नाचतो, उड्या घेतो, आणि गुडघ्यांवर बसून भराभर गिरक्या घेतो. पोलादी चिलखतात हे कोणा योद्ध्याला जमले नसते. हलक्या लाकडाने आणि कापडाने ते शक्य केले.

या कलेच्या थोर उपासकांची नावे येथे घेतलीच पाहिजेत. होन्नावर तालुक्यातील गुणवंते येथे केरेमने शिवराम हेगडे यांनी १९३४ साली इडगुंजी महागणपती यक्षगान मंडळी स्थापन केली. याच भागातील चिट्टाणी रामचंद्र हेगडे यांना २०१२ साली ‘पद्मश्री’ मिळाली. कोट शिवराम कारंत यांनी यक्षगानाचे संगीत, नृत्य आणि वेष यांचा आयुष्यभर अभ्यास केला, आणि त्यांच्या ‘यक्षगान बयलाट’ या ग्रंथास १९५९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. मात्र नटांची नावे राहिली, अभ्यासकांचे ग्रंथ राहिले. भुजकीर्ती कोरणाऱ्या सुताराचे आणि बेगड चढविणाऱ्या हाताचे नाव सहसा कोठे नोंदलेले आढळत नाही.

मराठी माणसाने या अनाम कारागिरांचे ऋण विशेष मानावयास हवे. होन्नावरजवळच्या कर्की गावची भागवत मंडळी १८४२ च्या सुमारास सांगलीस गेली आणि तिने चिंतामणराव पटवर्धन यांच्यापुढे आपले खेळ केले. ते पाहून, असेच खेळ मराठीत व्हावेत, अशी राजेसाहेबांची इच्छा झाली. त्यांनी हे काम आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांच्यावर सोपविले. भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. तोच दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. भावे नुसते कवी नव्हते. लाकडी बाहुल्या घडविण्याची कला त्यांच्या हाती होती. लाकूड कोरावे कसे, त्याला कापड नेसवावे कसे, आणि निर्जीव वस्तूत हालचालीचा भास आणावा कसा, हे त्यांना ठाऊक होते. पुढे त्या धर्तीच्या पौराणिक नाटकांतील राक्षसांच्या आरोळ्यांवरून लोकांनी त्यांना ‘अललडुर्र’ नाटके असे थट्टेचे नाव ठेवले. नव्या शिकलेल्या पिढीला ती बटबटीत वाटली. पण जी मराठी रंगभूमी पुढे इतकी बहरली, तिच्या पाळण्याची दोरी कानडी किनाऱ्यावरून आलेल्या, बेगडीने मढविलेल्या वीरांच्या हाती होती, हे विसरून चालणार नाही.

आता हे हलके लाकूड कोणते, आणि लाकडाहूनही हलके काय, हा प्रश्न येतो. सह्याद्रीत सातवीण नावाचा वृक्ष आहे. त्याचे लाकूड पांढरट, मऊ आणि हलके. शास्त्रज्ञांनी त्याला ‘आल्स्टोनिया स्कोलारिस’ असे नाव दिले. ‘स्कोलारिस’ म्हणजे शाळेचा. पूर्वी मुलांच्या लिहिण्याच्या पाट्या या लाकडाच्या होत, म्हणून हे नाव. पांगाराही असाच हलका. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या कारागिरांनी त्याचा उपयोग केला. परंतु या सर्वांहून हलके ते भेंड. पाणथळ जागी उगवणाऱ्या एका झुडपाच्या खोडातील हा पांढराशुभ्र, मऊ गाभा. धारदार सुरीने तो लोण्यासारखा कापला जातो, हवा तसा वळतो, रंग आणि बेगड सहज धरतो. लग्नात नवरानवरीच्या कपाळी जे बाशिंग बांधीत, ते भेंडाचे. विशेष म्हणजे ज्या इंग्रजांनी आपल्या तोफांपुढे आपली चिलखते निकामी ठरविली, त्यांचेच साहेब हिंदुस्थानच्या उन्हात भेंडाचे शिरस्त्राण घालून हिंडत. ‘सोला टोपी’ म्हणतात ती हीच. वराच्या बाशिंगाचे आणि साहेबाच्या टोपीचे मूळ एका जातीच्या पाणवनस्पतीत सापडते.

चिलखताचा हा हलका संसार एका धर्माचा किंवा एका भाषेचा नाही. गोव्याच्या सत्तरी आणि डिचोली भागांत शिगम्याच्या दिवसांत घोडेमोडणी होते. लाकडी तोंडाचा, कापडाने झाकलेला घोड्याचा सांगाडा कमरेला बांधून आणि हाती तलवार घेऊन गावकरी ढोलताशांच्या गजरात नाचतात, आणि जुन्या पराक्रमांची आठवण जागवितात. उत्तर कन्नडातील हालक्की वक्कल समाज सुग्गीच्या नाचात डोक्यावर उंच तुरे बांधतो. आणखी खाली केरळच्या किनाऱ्यावरील लॅटिन कॅथलिक समाजात ‘चविट्टुनाटकम्’ नावाचा खेळ आहे. त्यात शार्लमेन बादशहा आणि त्याचे सरदार लाकडी रंगमंच पायांनी दणाणून सोडतात. मखमल, जर आणि चकाकणारे पत्रे यांनी युरोपातील त्या योद्ध्यांची चिलखते मलबारच्या किनाऱ्यावर शिवली गेली. शार्लमेन असो वा अर्जुन, त्याला उभा करताना या किनाऱ्यावरील कारागिराने एकच युक्ती वापरली: आकार मोठा, वजन थोडे, आणि पृष्ठभाग असा की उजेड पडताच परत फिरावा.

अलीकडे या कुळात एक नवा वंशज जन्मास आला आहे. १९३९ साली न्यूयॉर्क येथे विज्ञानकथांच्या चाहत्यांचे पहिले जागतिक संमेलन भरले. तेथे फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकाळातील माणसांचा पोशाख करून आले. ते पोशाख मर्टल डग्लस यांनी स्वतः तयार केले होते. पुढे १९८४ च्या सुमारास नोबुयुकी ताकाहाशी या जपानी लेखकाने अशा वेषधारणेला ‘कॉस्प्ले’ हे नाव दिले. २०११ साली दिल्लीत ‘कॉमिक कॉन’ नावाचे संमेलन प्रथम भरले, आणि त्यानंतर मुंबईसारख्या शहरांतील तरुणतरुणीही चित्रकथांतील योद्ध्यांची चिलखते घरी बनवू लागल्या. त्यांचे साहित्य म्हणजे ‘ईव्हीए’ नावाचा फोम आणि साधे कापड. पादत्राणांच्या तळव्यांत आणि व्यायामाच्या चटयांत असतो तो हाच मऊ, हलका पदार्थ.

या नव्या कारागिरांची रीत पाहण्यासारखी आहे. प्रथम अंगावर पातळ प्लॅस्टिक गुंडाळून त्यावर चिकटपट्टी लावतात, आणि छातीवर व खांद्यावर चिलखताच्या रेषा आखतात. मग ते कवच कापून काढतात आणि त्याचे तुकडे कागदावर सपाट पसरून नमुना उतरवितात. शिंपी अंगरख्याचे माप बेततो, तसाच हा प्रकार. नमुन्याबरहुकूम फोम कापताना सुरी कोठे सरळ आणि कोठे तिरकी धरावयाची, याला महत्त्व आहे. कारण दोन तिरक्या कडा जुळल्या की सपाट फोमला आपोआप कोन येतो. गरम हवेच्या यंत्राने फोम तापविला की तो मऊ होतो, आणि मांडीवर किंवा मडक्यावर दाबून धरला की थंड होताना तोच बाक टिकवून ठेवतो. त्याच उष्णतेने त्याची छिद्रे मिटतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. जोडणीचा गोंद दोन्ही कडांना लावून थोडा सुकू द्यावा लागतो. घाई केली तर सांधा उकलतो. हे काम मोकळ्या हवेत करावे लागते, कारण गोंदाचा आणि तापलेल्या फोमचा वास अपायकारक असतो. शेवटी लवचीक लेप, त्यावर काळा रंग, आणि काळ्यावर रुपेरी. आतून कापडाचे अस्तर आणि बांधावयास पट्टे लावले की चिलखत तयार होते. काख, कोपर आणि कंबर येथे फोम न लावता कापडच ठेवावे लागते, नाहीतर योद्ध्याला हात वर करता येत नाही.

या साऱ्या कृतीत पोलादाच्या चिलखतकाराला आणि यक्षगानाच्या सुताराला अपरिचित असे काय आहे? सपाट वस्तूला अंगाचा बाक द्यावयाचा, सांध्यांना मोकळीक ठेवावयाची, आणि पृष्ठभागाला तेज आणावयाचे, हे तीन प्रश्न तिघांपुढेही होते. पोलादवाल्याने ते हातोडीने सोडविले, सुताराने पटाशीने, आणि आजचा तरुण ते गरम हवेने सोडवितो. एवढेच की त्याला आपले हे नाते बहुधा माहीत नसते. तो जपानी किंवा अमेरिकन वीराचा खांदा तासन्‌तास बसून तयार करतो. भुजकीर्ती त्याने कधी हातात घेतलेली नसते.

दुसऱ्या बाजूने पाहता, जुन्या रंगभूमीकडेही नवे पदार्थ चालत आले आहेत. मशालीची जागा गॅसबत्तीने आणि गॅसबत्तीची विजेने घेतली. बेगडीचे तेज ज्या हलत्या ज्योतीसाठी योजिले होते, ती ज्योत गेली, आणि विजेच्या स्थिर झोतात तेच तेज कधी कधी भगभगीत दिसू लागले. भेंडाच्या जागी थर्मोकोल आला. पाणथळ जागा बुजत गेल्या आणि भेंड कापणारे हातही कमी झाले. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी घातली, तेव्हा मखरे करणाऱ्यांना पुन्हा कागद, कापड आणि पुठ्ठा यांच्याकडे वळावे लागले. येथे भेंडाचा मोठेपणा ध्यानात येतो. भेंडाचे बाशिंग लग्नानंतर पाण्यात सोडले तर काही दिवसांत मातीस मिळते. फोमचे चिलखत हौस फिटल्यावर कोठे टाकावयाचे, हा प्रश्न मागे उरतो. नव्या कारागिराने जुन्याकडून शिकावयाची ही एक गोष्ट आहे. जुन्यानेही नव्याकडून एक गोष्ट घ्यावी: नमुना कागदावर उतरवून ठेवण्याची. पिढ्यान्‌पिढ्या जे माप केवळ हातात राहिले, ते हात थकले की जाते. सुप्याची घरे पाण्याखाली जाण्यापूर्वी माणसांना निघण्याची सूचना तरी मिळाली होती. एखाद्या सुताराच्या बोटांतले माप जाते, तेव्हा कोणतीही सूचना मिळत नाही.

या दोन्ही गोष्टी जेथे सहज एकत्र येतील अशी एक जागा आहे, आणि ती म्हणजे शाळा. स्नेहसंमेलन जवळ आले की गावोगावच्या शाळांत पुठ्ठ्याच्या ढाली, कागदी जिरेटोप आणि चंदेरी कागद चिकटविलेल्या तलवारी तयार होऊ लागतात. जोयड्यासारख्या तालुक्यात, जेथे तीन भाषांची मुले एका बाकावर बसतात, तेथे मावळ्याचे चिलखत, यक्षगानाचा उरोबंध आणि शिगम्याचा घोडा एका वर्गात, एकाच खळीने चिकटविता येतील. गावात जुने अलंकार करणारा कोणी असेल, तर त्याला एक दिवस वर्गात बोलवावे, मुलांनी त्याच्या मापांचा नमुना कागदावर उतरून घ्यावा, आणि त्या कागदाच्या कोपऱ्यात त्याचे नाव लिहून ठेवावे. यासाठी फारसा खर्च नाही. बेगडीची किंमत पूर्वीही थोडीच होती. ती मढविणाऱ्या हाताची किंमत मात्र अजून कोणी केलेली नाही. ती करावयास या एका नावाच्या नोंदीपासून आरंभ करता येईल.